त्यांच्याही वाट्याला भूमिका यावी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त वडीगोद्री येथील व्याख्यानाची संहिता)



पर्युषण पर्व किंवा महावीर जन्मकल्याणक जवळ आले की पाठशाळेतील मुलांच्या नाटिकांच्या तालमी सुरू होतात. कोणी राजा होतो, कोणी श्रेष्ठी, कोणी दासी. नाट्य हे या परंपरेला परके नाही. राजप्रश्नीय सूत्रात भगवान महावीरांसमोर सादर झालेल्या बत्तीस नाट्यविधींचे वर्णन आहे, हे स्वाध्यायी मंडळींना ठाऊकच आहे. परंतु नाटिकेतील पात्रांची यादी तयार होते तेव्हा एका घरी विचारायला सहसा कोणी जात नाही. ज्या घरात स्वमग्न, डाऊन सिंड्रोम असलेला किंवा बौद्धिक विकलांग असा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी आहे, ते हे घर. कार्यक्रमाच्या दिवशी ते कुटुंब आलेच तर दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसते. मुलगा ओरडला तर आईला त्याला चटकन बाहेर नेता यावे म्हणून.

मूल लहान असते तोवर त्याचे लाड होतात. मिसरूड फुटले, आवाज फुटला की तीच माणसे अंतर राखू लागतात. विशेष शाळाही साधारणपणे वयाच्या अठराव्या वर्षी संपते. पुढे काय? जालन्याचा रस्ता वडीगोद्रीला सोलापूर-धुळे महामार्गाला मिळतो, वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. तरीही मोठ्या झालेल्या अशा मुलाला नित्य प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी नेणे-आणणे बहुतेक घरांना झेपत नाही. मग ओटा, दूरदर्शन संच आणि आई, एवढेच त्याचे जग उरते. 2011 च्या जनगणनेत देशातील विकलांग व्यक्तींची संख्या सुमारे 2 कोटी 68 लाख नोंदली गेली. त्यांपैकी जवळपास 15 लाख बौद्धिक विकलांग होत्या. घरच्यांनी संकोचाने सांगितलेच नाही, अशी माणसे या आकड्याबाहेरच राहिली असणार.

रंगभूमी या एकटेपणावर काही करू शकते, हे महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले. 1981 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी कांचन सोनटक्के यांनी मुंबईत ‘नाट्यशाला’ ही संस्था उभी केली आणि विशेष शाळांतील मुलांना नाटकाच्या माध्यमातून शिकविण्याचे कार्य आरंभिले. या घराण्याचे मराठवाड्याशीही नाते आहे; त्यांचे पती कमलाकर सोनटक्के यांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाची पायाभरणी केली. पुढे राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयानेही दिव्यांग बालनाट्य स्पर्धा सुरू केली. स्पर्धा स्वागतार्ह आहे, मात्र तिच्या नावातच ‘बाल’ आहे. पंचविशीतल्या, तिशीतल्या माणसाने कोठे जावे?

नाटक अशा व्यक्तीला नेमके काय देते, हे तालमीत दिसते. नाटकात आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, दुसऱ्याचे वाक्य ऐकावे लागते, त्याच्या डोळ्यांत पाहावे लागते. व्यवहारात जे कठीण जाते तेच येथे खेळ म्हणून पुनःपुन्हा करता येते, आणि चुकले तरी कोणी रागावत नाही. मात्र त्यासाठी तालमीची रीत बदलावी लागते. जागा तीच, वेळ तीच, आरंभीचा खेळही तोच असावा. स्वमग्न व्यक्तीला अनपेक्षित बदलाचा त्रास होतो. पुढे काय घडणार हे क्रमाने लावलेल्या चित्रांवरून समजावावे. संवाद पाठ करून घेण्याऐवजी प्रसंग सांगून त्याच्याच तोंडचे शब्द घ्यावेत. पोशाख पहिल्या आठवड्यापासून अंगवळणी पडू द्यावा. ऐन दिवशी जरीचा अंगरखा टोचला म्हणून उत्तम बसलेला प्रवेश कोलमडू शकतो. फटाका, कर्कश ध्वनिक्षेपक, डोळ्यांवर येणारा झगमगाट टाळावा. रंगमंचामागे एक शांत कोपरा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्यासोबत एक समवयस्क जोडीदार पात्र म्हणूनच रंगमंचावर असावा. विंगेतून हातवारे करणारे गुरुजी त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ‘त्यांची’ वेगळी नाटिका आणि ‘आपली’ वेगळी, असे केले तर दाराजवळची रांग केवळ रंगमंचावर हलवल्यासारखे होईल.

येथे टाळ्यांविषयीही बोलले पाहिजे. अशा मुलांचा कार्यक्रम झाला की सभागृह उभे राहते, डोळे पुसते, खाऊ वाटते आणि घरी जाते. त्यातली भावना खरीच असते. पण ती कीव आहे की दाद, हे त्या मुलाला आपल्या समजुतीपेक्षा लवकर कळते. 1991 च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी नंदू अविस्मरणीय केला. नंदूचे काम नंदूसारख्याच कोणी करावे, ही अपेक्षा त्या काळी कोणी केली नसती. 2025 मध्ये ‘सितारे ज़मीन पर’ या हिंदी चित्रपटात मात्र दहा नवोदितांनी आपल्या भूमिका स्वतःच केल्या. ऑस्ट्रेलियातील जिलाँग या गावी 1987 साली स्थापन झालेली ‘बॅक टू बॅक थिएटर’ ही मंडळी तर बौद्धिक विकलांग आणि स्वमग्न प्रौढ कलावंतांचीच. नाटके तेच रचतात. 2022 मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार आणि 2024 मध्ये व्हेनिसचा जीवनगौरव सुवर्णसिंह मिळाला. हे पुरस्कार नाटकाला मिळाले, दयेला नव्हेत. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकते. गावातील सभागृहापर्यंत ते कलम चालत येणार नाही, ते कोणी तरी आणावे लागेल.

चंदनबालेचेच कथानक घ्यावे. पायांत बेड्या, मुंडन केलेले मस्तक, हाती सूप, सुपात उडदाचे बाकुळे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. कथेचा सारा भार या प्रसंगावर आहे आणि त्यात चंदनेला लांबलचक संवाद नाहीत. तिने थांबायचे आहे, पाहायचे आहे आणि द्यायचे आहे. डाऊन सिंड्रोम असलेली वीस वर्षांची मुलगी हे काम करू शकणार नाही, असे कोणत्या आधारावर ठरवायचे? नायिका ती होईल आणि राजवाड्यातली लांब भाषणे पाठशाळेतील इतर मुले करतील. तिला दोन मिनिटे जास्त लागली तर प्रेक्षकांनी थांबावे.

आरंभासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक दुपार, सभागृहाची किल्ली, चार उत्साही तरुण आणि विशेष शिक्षणाचा अनुभव असलेली एक व्यक्ती पुरते. वर्षभर नाटक झाले नाही, नुसते खेळ झाले, तरी चालेल. फक्त घरी विचारायला जाल तेव्हा आई-वडिलांशी बोलण्याआधी त्या मुलाशीच बोलावे, नावाने हाक मारून: नाटकात काम करशील का? उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ बसावे. नको म्हणाला तर पडदा ओढायचे काम आवडते का, ते विचारावे.