परदेशातले विद्यापीठ निवडताना
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला सांगितले की यंदा मुलांच्या शिक्षणावर बोला. मी गिरणीत माग चालवणारा माणूस. शाळा नववीला सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते या विहाराच्या ग्रंथालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा परदेशातल्या विद्यापीठांवर मी काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या वस्तीतली मुले-मुली परदेशी शिकायला निघाली आहेत. त्यांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँकेचे कागद घेऊन मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत. त्या धावपळीत एकदा माझ्याच हातून चूक होता होता राहिली. ती चूक तुमच्यापुढे मांडावी, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून ती होणार नाही, एवढ्यासाठी उभा आहे.

गोष्ट २०२४ सालची. आपल्याच वस्तीतली एक मुलगी, इंजिनिअरिंग झालेली. पाणीपुरवठा आणि सांडपाणी या विषयात तिला पुढे शिकायचे होते. सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता, पण यादीत नाव आले नाही. मग तिच्याकडे दोन पत्रे आली. एक लंडनमधल्या कॉलेजचे, एक वर्षाचा कोर्स. ते एका एजंटामार्फत आले होते. दुसरे जर्मनीतल्या लहानशा शहरातल्या सरकारी विद्यापीठाचे, दोन वर्षांचा कोर्स. त्यासाठी पोरीने स्वतःच अर्ज केला होता. एजंट रोज फोन करायचा. पंधरा दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा गेली म्हणून समजा! तिचे वडील माझ्याच खात्यात होते. गिरणी कामगारांच्या सोडतीत मिळालेली खोली, तीच गहाण टाकायला ते निघाले.

मला विचारायला आले. मी काय म्हटले असेल? मी म्हटले, "अहो, लंडन म्हणजे बाबासाहेबांचे लंडन! आपल्या पोरीच्या नशिबी कुठून यायचे? डोळे झाकून पाठवा."

तेव्हा ती पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, बाबासाहेब डोळे झाकून गेले नव्हते. ते कुठे, कुणाकडे, किती पैशात शिकले ते आधी बघू या."

खरे सांगतो, मला लाज वाटली. आयुष्यभर मी जयंतीच्या सभांत कोलंबिया आणि लंडन ही दोन नावे गर्जून सांगितली. टाळ्या घेतल्या. पण बाबासाहेब तिथे शिकले कसे, याचा हिशेब कधी मांडला नाही. त्या रात्री चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेल्या चरित्राचे खंड पुन्हा काढले. त्यातून जे ध्यानात आले ते तीन प्रश्नांत सांगतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न: शिकवणार कोण?

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबियात त्यांना अर्थशास्त्र शिकवायला सेलिगमन होते, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते, मानववंशशास्त्राला गोल्डनवायझर होते. गोल्डनवायझर यांच्याच चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पंचविशीतला तरुण! पुढे लंडनला निघाले तेव्हा सेलिगमन यांनी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिले. लंडनमध्ये प्राध्यापक एडविन कॅनन भेटले. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली निघाला, त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही मोकळेपणाने नोंदवले. विद्यार्थ्याशी बरोबरीने वाद घालणारा असा गुरू मिळणे, यासाठी परदेशी जायचे. बाबासाहेब मोठे झाले ते इमारतीच्या नावाने नव्हे. त्या इमारतीत शिकवणारी माणसे होती, ग्रंथालये होती, आणि बाबासाहेब तिथे तासन्‌तास बसत होते.

तेव्हा मुलांनो, पत्र आले की आधी बघा: माझा विषय तिथे शिकवतो कोण? त्याने काय लिहिले आहे? प्रयोगशाळा आहे काय? आज ही माहिती घरबसल्या बघता येते. त्या अध्यापकाला सरळ पत्र लिहा. तिथे आधी शिकून गेलेल्या मुलांना विचारा.

हा प्रश्न न विचारल्याने काय होते तेही ऐका. अमेरिकेत मिशिगन राज्यात फार्मिंग्टन नावाचे विद्यापीठ होते. २०१९ साली उघड झाले की ते विद्यापीठ खोटे होते आणि तिथल्या परदेशी नागरिकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानेच ते सापळा म्हणून काढले होते. तिथे शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते. फी मात्र घेतली जात होती. सव्वाशेहून अधिक भारतीय मुले धरली गेली. २०२३ साली कॅनडात निराळाच प्रकार निघाला. पंजाबच्या कित्येक मुलांची प्रवेशपत्रेच बनावट असल्याचे तिकडच्या सरकारने सांगितले. मुले तिथे राहून शिकली, नोकरीला लागली आणि मग त्यांना कळले की एजंटाने दिलेला कागद खोटा होता. म्हणून पत्र आले की ते विद्यापीठाकडूनच खरे करून घ्या. एजंटाला कमिशन कॉलेजकडून मिळते, तेव्हा तो त्या कॉलेजचा माणूस, तुमचा नव्हे.

दुसरा प्रश्न: पैसा कुठवर पुरणार?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली, ती तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायचा करार. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून बाबासाहेबांना परत यावे लागले. दुसऱ्या बोटीने पाठवलेले सामान आणि पुस्तके महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना. एवढे शिकलेला माणूस, पण जात आडवी आली! मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले. मागे रमाईने काय सोसले ते या सभेतल्या माता-भगिनींना मी सांगायला नको. आपला राजा असा अर्ध्यावरून परतला, मग तुमच्या-आमच्या पोरांचे काय? पैसा किती लागतो हे तर बघाच, पण तो कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो हे आधी बघा.

त्या मुलीने हिशेब मांडला. आपल्या विहाराच्या ओट्यावर बसून, वहीत. लंडनच्या कॉलेजची फी साडेसतरा हजार पौंड. लंडनला राहायचे म्हणून त्या वेळच्या नियमाने महिना १,३३४ पौंड, असे नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड खात्यात दाखवायचे. आरोग्याचा सरकारी आकार वेगळा. सगळे मिळून सुमारे ३२ लाख रुपये. खोली गहाण टाकूनही ते पुरे पडत नव्हते. वर तो कोर्स कॉलेजने इतका नवा काढलेला की त्यातून शिकून बाहेर पडलेला एकही विद्यार्थी आम्हाला सापडला नाही.

जर्मनीचे बघा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सहामाहीची किरकोळ वर्गणी. मात्र एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच बँकेतल्या राखीव खात्यात भरावा लागतो. तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे १० लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली. हा पैसा आपलाच असतो, दर महिन्याला ठरलेला हप्ता आपल्याला मिळतो. आपल्याकडच्या पदव्यांची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो, त्याला १८,००० रुपये. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. पण जर्मनी म्हणजे सगळीकडे फुकट, असेही समजू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो पडतात. म्युनिचच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली.

वडिलांच्या फंडाचे ३ लाख होते. बँकेचे शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत काही तारण न ठेवता मिळू शकते. बँकेत चार खेपा घातल्या, पण ते मिळाले. खोली वाचली. दुसऱ्या वर्षाच्या पैशाचा मात्र घोर होता. तो तिने कामाच्या मुभेवर सोडला. ती जोखीम होती, हे मी लपवत नाही.

इथे शिष्यवृत्तीबद्दल सांगतो, कारण कर्जाच्या आधी ते दार ठोठावले पाहिजे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशात १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. बौद्धांनाही ती मिळते, १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली म्हणून. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत लागते आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये लागते. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा ७५, क्रमवारीची अट तिलाही आहे. म्हणजे विद्यापीठ निवडताना आधी ही यादी समोर ठेवायची आणि मग अर्ज करायचे. आपली मुले उलटे करतात. आधी प्रवेश घेतात आणि मग कळते की ते कॉलेज यादीतच नाही. अटी दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षाची जाहिरात ओळ न्‌ ओळ वाचा.

आणि एक दुखणे बोलून टाकतो. केंद्राच्या योजनेत २०२२ साली अशी अट घातली गेली की भारतीय संस्कृती, इतिहास किंवा भारतातल्या समाजाचा अभ्यास हा विषय घेता येणार नाही. विचार करा, बाबासाहेबांनी कोलंबियात वाचलेला तो जातींवरचा निबंध! तो विषय घेऊन आज कुणी अर्ज केला तर या योजनेत बसणार नाही. यावर आपल्या संघटनांनी बोलत राहिले पाहिजे.

तिसरा प्रश्न: शिकून हाती काय येणार, आणि ते कुणाच्या उपयोगी पडणार?

काही जण शिक्षणापेक्षा तिकडे राहायच्या परवान्याकडे बघून देश निवडतात. राहावे, कमवावे, त्यात पाप नाही. पण परवान्याचे नियम सरकारे बदलत असतात. इंग्लंडने पदवीनंतर दोन वर्षे राहायची मुभा दिली होती, तीच १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर आणायचे ठरवले आहे. परवाना काढून घेता येतो, शिकलेली विद्या काढून घेता येत नाही. आणि जात विमानात बसून तिकडेही जाते, हे विसरू नका. म्हणूनच अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या नियमांत जातिभेदाला बंदी घातली. तुमच्या विद्यापीठात असा नियम आहे काय, आपली मुले तिथे आहेत काय, हेही विचारून ठेवा. परक्या मुलखात रात्री-अपरात्री फोन करायला एक तरी आपले माणूस लागते.

बंधूंनो, तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. कुणी मोठा सांगतो म्हणून, ऐकीव आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हिताचे असेल तर घ्या. हे एजंटाला लागू आहे, चकचकीत पुस्तिकेला लागू आहे, आणि माझ्यासारख्या कार्यकर्त्याला तर आधी लागू आहे. मागावर सूत चढवायच्या आधी आम्ही ते बोटांनी चाचपून बघतो. ताण्यात कच्चा धागा गेला की सारे कापड वाया. पोरीच्या आयुष्याचे सूत मात्र मी न चाचपता चढवायला निघालो होतो.

ती मुलगी जर्मनीला गेली. तुम्हाला गोड गोड सांगत नाही. राहायला खोली मिळेना, पहिले सहा आठवडे एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपली. कोर्स इंग्रजीत असला तरी बाजारहाट जर्मनमध्ये, तिचे जर्मन कच्चे. पहिल्या सहामाहीत एका विषयात नापास झाली. आईला फोनवर रडली. आई म्हणाली, "परत ये, घर आहे आपले." घर होते, म्हणून आई तसे म्हणू शकली. पोरगी परत आली नाही. तो विषय पुन्हा दिला, सुटला. आता तिला तिथल्याच प्रयोगशाळेत तासावर काम मिळाले आहे. मला फोनवर म्हणाली, "काका, बाबासाहेबसुद्धा कोलंबियात असताना जर्मन शिकले होते, बॉन विद्यापीठात त्यांनी नाव घातले होते. तुम्ही भाषणात हे कधी सांगत नाही!" आज सांगितले, बाळ.

तेव्हा विहार समितीला माझी एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात एक वही ठेवा. परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलाने तीत लिहावे: कुठे गेलो, किती खर्च आला, कुठे फसलो, कुणी मदत केली. म्हणजे पुढच्या पोराला अंधारात हात चाचपडावे लागणार नाहीत. पहिले पान त्या मुलीने लिहून पाठवले आहे. आपल्या मुलांना लंडनला पाठवा, न्यूयॉर्कला पाठवा, जर्मनीतल्या लहान गावाला पाठवा. पण आधी त्यांच्याबरोबर बसून हिशेब मांडा, आणि पोरगी प्रश्न विचारू लागली तर तिला गप्प करू नका.