भिंतीवरचा नकाशा आणि खरी पृथ्वी



माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. सातवीच्या वर्गात भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवून एका मुलीने विचारले, "सर, ग्रीनलंड आफ्रिकेएवढे मोठे आहे का?" मी नकाशाकडे पाहिले आणि बेधडक "होय" म्हणून मोकळा झालो! घरी नकाशासंग्रहातील कोष्टक उघडले तेव्हा ओशाळलो. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, तर आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी. म्हणजे जवळजवळ चौदापट! आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली.

मग नकाशा खोटा होता काय? तसे नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाहा. ती फाटते किंवा ताणावी तरी लागते. गोल पृथ्वी कागदावर उतरवताना हेच घडते. आमच्या भिंतीवरचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा होता. मर्केटरने १५६९ साली तो केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चालले, तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत येतो. आपल्या कोकणातील कितीतरी घरांतील माणसे जहाजावर नोकरी करीत आली आहेत. या सोयीचे मोल त्यांना विचारावे.

पण या सोयीची किंमत द्यावी लागते. पृथ्वीवर रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. ६० अंश अक्षवृत्तावर त्यांच्यामधील अंतर विषुववृत्तावरच्या अंतराच्या निम्मेच उरते. मर्केटरच्या नकाशात मात्र ती समांतर काढलेली असतात. म्हणजे तेथील प्रदेश आडवा दुप्पट ताणला गेला. दिशा बिघडू नये म्हणून तो उभाही दुप्पट ताणावा लागतो, आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. ग्रीनलंडच्या मध्यभागी, ७२ अंशांच्या आसपास, ही वाढ दहापटीहून अधिक होते. विषुववृत्तालगतचे देश मात्र आहेत तेवढेच राहतात. त्यामुळे युरोप भला थोरला वाटतो. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे तिप्पट आहे. लहानपणापासून हेच चित्र पाहणाऱ्या मुलाच्या मनात कोणता देश मोठा आणि कोणता किरकोळ ठरत असेल, याचा पालकांनी विचार करावा.

१९७३ मध्ये जर्मनीच्या आर्नो पीटर्स यांनी क्षेत्रफळ बरोबर दाखवणारा नकाशा पुढे आणला. त्यात आफ्रिका धुण्याच्या दोरीवर वाळत घातल्यासारखी लांबट दिसते, हे खरे! २०१८ साली 'इक्वल अर्थ' नावाचा अधिक सुबक नकाशा निघाला. शाळांतून व संस्थांतून मर्केटरऐवजी असा नकाशा वापरावा, या मोहिमेला आफ्रिकी संघाने २०२५ मध्ये पाठिंबा दिला.

पुष्कळ शाळांत पृथ्वीगोल असतो, पण तो कपाटात, कुलपाआड! आज आमचा गोल व्यासपीठाशेजारी ठेवला आहे. सोबत दोराही आहे. ग्रीनलंडची उत्तर-दक्षिण लांबी दोऱ्याने मोजा, आणि तोच दोरा आफ्रिकेवर धरून पाहा.