गोळी, भूक आणि आपला डबा



गेल्या वर्षी मला टाइप दोन मधुमेह निघाला आणि मेटफॉर्मिन सुरू झाले. पहिले काही दिवस मळमळ होई, ताट समोर आले तरी जेवण नकोसे वाटे. डॉ. जाँ स्टेर्न यांनी या औषधाचे निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध केले. सुरुवातीला भूक मंदावणे हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात आणि गोळी जेवणाबरोबर देतात. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. न ओसरल्यास डॉक्टरांना सांगावे, गोळी परस्पर बंद करू नये.

माझ्या औषधांत ग्लिमेपिराइडही आहे. तिचे वेगळे. ती घेऊन जेवण चुकले तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात. रेल्वेत ब्लॉक लांबला की डबा उघडायला उशीर ठरलेलाच. रुळावर भोवळ येणे म्हणजे जिवाशी गाठ! म्हणून खिशात ग्लुकोज ठेवतो आणि सोबत्यांना सांगून ठेवले आहे: माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

पावर हाउसच्या आपल्या मंडळींनी मधुमेह लपवू नये. उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. मोदक मात्र प्रसादापुरताच!

गणपती बाप्पा मोरया!