घरांतील शिलकी दुधाचा विनियोग

वैशाख लागला, कीं लातूर जिल्ह्यांतील जळकोटसारख्या गांवीं सकाळीं दहालाच उन्हाच्या झळा घरांत शिरूं लागतात. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. आणि नेमके ह्याच दिवसांत कधीं पाहुणे येतों येतों म्हणून येत नाहींत, कधीं संकलन केंद्रावरची गाडी चुकते, कधीं वीज जाऊन शीतकपाटाचा नुसता सांगाडा उरतो. मग सायंकाळच्या धारेचें तीनचार लिटर दूध शिल्लक राहतें, आणि ह्याचें करावें काय, असा प्रश्न गृहिणीपुढें उभा राहतो. शहरांतील श्रोत्यांकडे दूध पिशवींतून येतें, एवढाच काय तो फरक, प्रश्न तोच.

जळकोटच्या दक्षिणेस देवणी आणि उत्तरेस कंधार. ह्या दोन्ही गांवांनीं गोधनाच्या दोन नामांकित जातींना आपलीं नांवें दिलीं आहेत, तेव्हां दूधदुभतें हें ह्या मुलखाला नवें नव्हे. जवळच उदगीर येथें दुधाची भुकटी करण्याचा सरकारी कारखाना होता. शिलकी दुधाला तेथें वाट मिळे. तो बंद पडला आणि दीर्घकाळ बंदच राहिला. पुढें २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. चहाचीं दुकानें आणि खानावळी मिटल्या, आणि दुधाचें गिऱ्हाईक आटलें. महाराष्ट्र सरकारनें रोज १० लाख लिटर दूध घेऊन त्याची भुकटी करण्याचें ठरविलें खरें. परंतु आडवळणाच्या प्रत्येक गोठ्यापर्यंत असा उपाय पोंचतोच असें नाहीं, आणि गाईला टाळेबंदी ठाऊक नसते. अशा वेळीं ज्याचें त्यानें घरींच निस्तरावें लागतें.

पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही, कीं आंबणें निराळें आणि नासणें निराळें. बोलण्यांत दोहोंना ‘नासलें’ हा एकच शब्द लावला जातो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. दूध आंबतें तें सूक्ष्म जंतूंमुळें, हें लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं दाखवून दिलें. हे जंतु दुधांतील साखरेचें आम्ल बनवितात. आम्ल थोडें वाढलें तरी थंड दूध दिसावयास जसेंच्या तसें असतें. विस्तवावर ठेवतांच मात्र फुटतें. म्हणून जाणत्या गृहिणी सगळें भांडें चुलीवर चढविण्यापूर्वीं पळीभर दूध वाटींत तापवून पाहतात. तें टिकलें तर पुढचें सगळें मार्ग मोकळे. सकाळचें दूध संध्याकाळच्या ताज्या दुधांत ओतणें ही मात्र काटकसर नव्हे, दोन्ही घालविण्याची रीत आहे.

दूध गोड आहे तोंवर खवा करतां येतो. धाराशिव जिल्ह्यांतील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. २०२४ सालीं त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. म्हशीच्या एक लिटर दुधाचा सुमारें २०० ग्रॅम खवा पडतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी. बाकी सारें पाणी, तें आटवून घालवावयाचें! चार लिटर दुधासाठीं तासन् तास कढईपाशीं उभें राहून जळण जाळावें, आणि इतकें करूनहि उन्हाळ्यांत तो खवा दोन दिवसांपलीकडे भरंवशाचा नाहीं. घरांत कार्य असेल तर खवा अवश्य करावा. रोजच्या संसाराला तो परवडणारा नव्हे.

रोजचा उपाय विरजणाचा. दूध चांगलें उकळावें, बोट सोसवेल इतकें कोमट झालें म्हणजे लिटरामागें चहाचा चमचाभर ताजें दहीं त्यांत ढवळावें, आणि भांडें झांकून ठेवावें. उन्हाळ्यांत पांचसहा तासांत दहीं लागतें. ह्याला जळण उकळण्यापुरतेंच लागतें, आणि जी आंबण्याची क्रिया दुधाचा घात करणार, तिलाच कामाला लावतां येतें. विरजणांतले जंतु इतके झपाट्यानें वाढतात, कीं इतरांना सहसा थारा मिळत नाहीं. पहांटेच्या गारव्यांत रवी फिरवावी. दिवस वर आल्यावर लोणी मऊ पडून ताकांत विरतें, आणि घुसळणारीचे हात तेवढे भरून येतात. ताकाची कढी होते, ज्वारीच्या पिठाची आंबील होते. लोणी मात्र सांठवीत बसूं नये, लगेच कढवावें. तुपांत पाण्याचा अंश जवळजवळ राहत नाहीं, म्हणून तें कित्येक महिने टिकतें. म्हशीच्या एक लिटर दुधांत ६० ते ७० ग्रॅम स्निग्धांश असतो. त्याहून अधिक तुपाची आशा धरूं नये.

वाटींतलें दूध फुटलें, पण वास व चव स्वच्छ आंबट आहे, तर सगळें उकळून त्यांत लिंबू पिळावें आणि चोथा फडक्यांत बांधून टांगावा. त्याची भाजी होते, गूळ घालून वडी होते. खालीं गळलेल्या निवळींत कणीक मळावी.

कांहीं घरांतून अशा दुधांत चिमूटभर सोडा घालून तें पुन्हा चहाला लावितात. सोड्यानें आंबटपणा झांकतो, जंतु तेथेंच राहतात. दूध कडवट लागलें, त्याला तार सुटली, किंवा वास घाणेरडा आला, तर लिंबूहि नको आणि विरजणहि नको. तें सरळ टाकावें. कांहीं जंतूंचें विष उकळूनहि नाहींसें होत नाहीं, आणि घरांतलें लहान मूल त्याची किंमत देतें. टाकतांना हळहळ वाटतेच. चार लिटर दूध म्हणजे एका जनावराची अख्खी धार असते.

तूप गाळून घेतल्यावर भांड्याच्या बुडाशीं तांबूस बेरी राहते. ती गुळाबरोबर मुलांच्या हातांवर ठेवावी. तिची सांठवण कशी करावी, हें सांगण्याचें कारण पडत नाहीं.