प्रश्न एक, यानं नऊ



सूर्याकडून सुटलेला वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं पृथ्वीपाशी येतो. हा वारा म्हणजे प्लाझ्मा : विद्युतभारित कण आणि त्यांच्यात गुंतलेलं चुंबकीय क्षेत्र. पसरत जाईल तसा तो भराभर थंड व्हायला हवा. प्रत्यक्षात हिशेबापेक्षा बराच उष्ण राहतो. तो इतका विरळ, की कण एकमेकांवर क्वचितच आदळतात. मग ही उष्णता येते कुठून? संशय आहे तो त्यातल्या खळबळीवर. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान आणखी लहान, आणि शेवटी ती ऊर्जा कणांच्या पदरात पडते. कशी पडते, यावर आजही एकमत नाही.

हे पाहायला यानं किती पाठवायची? नदीत एकच काठी रोवली तर पाणी वरखाली झालेलं दिसतं, पण लाट वाहत आली की तिथंच उठली, ते कळत नाही. एकट्या यानाचंही तसंच. म्हणून युरोपच्या ‘क्लस्टर’ मोहिमेत चार यानं चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर ठेवायचं ठरलं. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत फुटलं आणि चारही यानं गेली. कारण? जुन्या एरियन-४ साठी लिहिलेला, तसाच उचललेला संगणकीय कोड. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आणि तो आकडा १६ बिटांत मावला नाही. शिवाय त्या गणिताची उड्डाणानंतर गरजच नव्हती! उचललेल्या प्रत्येक ओळीला ‘तू इथं कशाला?’ असं विचारा, हे मी अभियंत्यांना कळकळीनं सांगतो. क्लस्टरच्या लोकांनी यानं पुन्हा बांधली, २००० साली बैकानूरहून सोडली, आणि दोन वर्षांसाठी आखलेली मोहीम दोन दशकांहून जास्त चालली.

तरीही चार यानांना एका वेळी साधारण एकाच आकाराचे भोवरे नीट मापता येतात. नासानं २०२२ मध्ये निवडलेल्या ‘हेलिओस्वार्म’ मोहिमेत एक मोठं आणि आठ छोटी यानं आहेत. नऊ यानांच्या जोड्या होतात ३६. काही जोड्या पन्नासेक किलोमीटरवर, काही हजारो किलोमीटरवर. मोठे आणि लहान भोवरे एकाच क्षणी मापायचे ते या अंतरांनीच. इथं मांडणी हेच उपकरण आहे. नऊही यानं एका पातळीत आली, तर तिसरी दिशा हातातून जाते; म्हणून कक्षा आखणाराही इथं भौतिकशास्त्रच करत असतो. आणि मापायचं क्षेत्र किती क्षीण! आपल्या पायाखालच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण दहा हजाराव्या हिश्श्याइतकं. यानातल्या तारांतून वाहणारी वीजही मापन बिघडवू शकते, म्हणून चुंबकमापक लांब दांड्यावर, यानापासून दूर धरावा लागतो.

आपलं, भारताचं, आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून सौरवाऱ्यात उभं आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं घडली. पण ते यान एकटं आहे. त्याच्या सोबतीला किती यानं हवीत, किती अंतरावर, आणि नेमक्या कोणत्या प्रश्नासाठी, हे मांडणाऱ्या तुमच्या पहिल्या कच्च्या टिपणाची मी वाट पाहतो.