डब्यातला रुपया जातो कुठे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "नाणी" एवढेच सांगितले. जुन्या मोहरा-होनांविषयी काहीतरी ऐकायला मिळेल, असे त्यांना वाटले असावे. पण मी बोलणार आहे ते आपल्या डब्यांतल्या नाण्यांविषयी. देवघरात, फळीवर, शिवणयंत्राच्या खणात आपल्या प्रत्येकीच्या घरी असा एक डबा असतोच. तो भरला की आपण बँकेत नेतो, खात्यावर रक्कम जमा होते, आणि विषय संपतो. पण त्या नाण्यांचे पुढे काय होते?

आधी नाणे कुणाचे ते पाहू. आपल्या बहुतेक नोटा रिझर्व्ह बँकेच्या. नाणी मात्र पाडायची ती भारत सरकारने. सरकारच्या चार टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची १८२९ सालापासूनची, फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोरच उभी आहे. नाण्यावर सालाच्या खाली नीट पाहा. चौकटच्या पत्त्यासारखी खूण असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. टांकसाळीतून नाणी रिझर्व्ह बँक घेते, दर्शनी किंमत सरकारला देते, आणि बँकांच्या मार्फत ती आपल्या हाती पोहोचवते.

आता उलटा प्रवास. आपला डबा बँकेच्या खिडकीवर रिकामा झाला की काही शाखांत यंत्र ती नाणी आकारावरून वेगळी करून मोजते. पुष्कळ ठिकाणी रोखपाल ती वजनावर घेतात किंवा हाताने मोजतात. मग शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या बांधतात. यानंतर नाण्याला तीन वाटा असतात.

पहिली वाट सर्वांत जवळची आणि सर्वांत चांगली. कुणी किराणा दुकानदार सुटे मागायला येतो, ती पिशवी त्याला मिळते, आणि आपला रुपया आठवडाभरात पुन्हा आपल्याच पेठेत फिरू लागतो. दुसरी वाट साठ्याची. शाखेला नको असलेली नाणी मोठ्या शाखांतल्या 'करन्सी चेस्ट'मध्ये किंवा लहान नाण्यांच्या डेपोत जातात. तिथला साठा रिझर्व्ह बँकेच्या मालकीचा असतो; बँक फक्त सांभाळते. तिसरी वाट भट्टीची. झिजलेली, वाकलेली आणि चलनातून काढलेली नाणी टांकसाळीत परत जातात आणि वितळतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आपल्या आजीची पावली ती हीच. आठ आण्यांचे, म्हणजे पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने आजही चालते, मग दुकानदार काही म्हणो. आणि वितळवण्याचा अधिकार सरकारचाच बरे का! २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे इतर कुणी नाणे वितळवले किंवा नष्ट केले तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता यातली गंमत सांगते, आणि दुःखही. २०१८ साली माहितीच्या अधिकारात उघड झाले की एक रुपयाचे नाणे पाडायला एक रुपया अकरा पैसे लागत होते. म्हणजे बंदा रुपया रुपयाहून महाग! त्याच वर्षी जानेवारीत साठवायला जागा उरली नाही म्हणून चारही टांकसाळींत नाणी पाडणे काही दिवस थांबवले गेले. एकीकडे तिजोऱ्या तुडुंब, आणि दुसरीकडे वाणी आपल्या हातावर सुट्याऐवजी गोळी ठेवतो! शिर्डीला भक्तांनी वाहिलेली नाणी ठेवायला बँकांत जागा नाही, अशी बातमी २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बारा शहरांत नाणी देणारी यंत्रे प्रयोगादाखल बसवण्याचे जाहीर केले. नाणी देशात उदंड आहेत, पण हवी तिथे नाहीत, हेच त्यामागचे दुखणे.

असे का होते? नाणे जड असते. लाख रुपयांच्या नोटा पदराखाली मावतात, पण लाख रुपयांची एकेकाची नाणी, २०११ सालच्या धाटणीची, तीनशे एकोणऐंशी किलो भरतात! ती मोजायला माणूस, ठेवायला जागा आणि हलवायला मोटार लागते. म्हणून खिडकीवरचा माणूस कंटाळतो, आणि त्या कंटाळ्याचा भार पडतो तो ज्यांचा सगळा धंदाच नाण्यांचा त्यांच्यावर.

आपल्या कोपऱ्यावर फुले-गजरे विकणाऱ्या मावशी सर्वांच्या ओळखीच्या आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे अठराशे रुपयांची नाणी साठली. घाऊक बाजारात ती कुणी घेईना. एका बँकेत त्यांचे खाते आहे, तिथे त्या दोनदा गेल्या. दोनदा "आज गर्दी आहे, नंतर या" असे ऐकून परत आल्या. घरात अठराशे रुपये असून मुलीच्या वह्यांसाठी त्यांनी उसने घेतले. शेवटी मी आणि आपल्या दोन सभासद त्यांच्याबरोबर गेलो. जाण्याआधी नाणी निवडून शंभर-शंभरच्या पिशव्या केल्या, वर चिठ्ठ्या लावल्या. शाखेतल्या अधिकाऱ्यांना मी शांतपणे सांगितले की कोणत्याही शाखेने नाणी नाकारू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. वीस मिनिटांत काम झाले. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "ताई, पैसे तेच होते, आज त्यांना किंमत आली."

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, नाणी नेताना शंभर-शंभर बांधून न्या. काम लवकर होते. दोन, घरच्या काट्यावर तोलून मोजायची असतील तर जुनी-नवी वेगळी करा. २०११ च्या धाटणीचा रुपया तीन ग्रॅम एकोणऐंशी शतांशाचा, तर २०१९ चा तीन ग्रॅम नऊ शतांशाचा. तीन, दहा रुपयांच्या नाण्याला नाही म्हणू नका. त्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चालतात, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. चार, एका व्यवहारात एक रुपया व त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच घेण्याचे समोरच्यावर कायद्याने बंधन आहे. बँकेत खात्यावर भरायला मात्र ही मर्यादा नाही.

आणि शेवटी मंडळापुढे एक सूचना. नाण्याची पहिली वाट सर्वांत चांगली, असे मी म्हटले. ती वाट आपणच आणखी जवळची करू शकतो. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभासदांनी आपले डबे मंडळात आणावेत. गिरणीवाले, दूधवाले, रिक्षावाले, ज्यांना सुटे हवे त्यांनी नोटा देऊन ते घ्यावेत; आणि मावशींसारख्यांकडे साठलेली नाणीही इथेच बदलून मिळावीत. हिशोबाची वही ठेवायची तयारी मी दाखवते. डब्यात झोपलेला रुपया कुणाच्याच कामाचा नाही. हातात खुळखुळला तरच तो रुपया!