गाठ लपवू नका, दाखवा



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आजचा विषय माझ्या अनुभवाचा आहे.

सात वर्षांपूर्वी, सत्ताविसाव्या वर्षी, अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. गोटीएवढी, न दुखणारी, बोटाखालून सटकणारी. अम्मीला सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "किसीको बोलू नको, रिश्ते आ रहे." चार महिने मी गप्प राहिले. रात्र रात्र मोबाइलवर कर्करोगाबद्दल वाचत बसायचे. शेवटी खालाच मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

तिथे कळलं, स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग सोनोग्राफी, चाळिशीनंतर सहसा मॅमोग्राफीही. गरज वाटली तर सुईने बारीकसा तुकडा काढून तपासतात. माझ्या अहवालात 'बायरॅड्स 3' होतं, म्हणजे कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांहून जास्त नाही. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून सुईची तपासणी केली. निघाला फायब्रोअडेनोमा, तरुण मुलींमध्ये नेहमी आढळणारी साधी गाठ.

ऑपरेशन लागलं नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी सोनोग्राफी केली. 16 मिलिमीटरची गाठ तेवढीच राहिली. वाढली असती तर काढावी लागली असती. पाण्याची गाठ असेल आणि त्रास देत असेल, तर सुईने पाणी काढतात. आणि ज्या भीतीने आम्ही गप्प बसलो, तिच्याबद्दलही सांगते : अशा गाठीमुळे मूल होण्यात किंवा बाळाला अंगावर पाजण्यात सहसा अडचण येत नाही.

मात्र गाठ साधी आहे की नाही, हे घरी ठरवू नका. लेप आणि शेक यांत महिने घालवू नका. गाठ कडक असेल, हलत नसेल, त्वचेला खळी पडत असेल, बोंड आत ओढलं जात असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. पुरुष डॉक्टरचा संकोच वाटत असेल तर डॉक्टरबाई मागा, पण जा.

भावांनो, हे तुमच्यासाठीही आहे. बहिणीने किंवा बायकोने सांगितलं, तर "चल, आजच जाऊ" म्हणा.

मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला अशीच गाठ लागली. तिला दवाखान्यात कोण घेऊन गेलं? माझी अम्मी.